कंपन मोजावं कसं, वाचावं कसं: सेन्सर लावण्यापासून निदानापर्यंत

एका ब्लोअरचं (हवा ढकलणाऱ्या मोठ्या पंख्याचं) बॅलन्सिंग, म्हणजे वजन लावून फिरत्या भागाचा तोल साधणं, महिन्याभरात तिसऱ्यांदा झालं होतं. दर वेळी आकडा खाली यायचा आणि आठ-दहा दिवसांत पुन्हा वर चढायचा. मी गेलो तेव्हा बेअरिंगच्या पेडेस्टलवर (बेअरिंग ज्या आधारावर बसतं त्यावर) आडव्या दिशेत ९.२ मिमी/सेकंद आणि उभ्या दिशेत १.८ मिमी/सेकंद इतकं कंपन होतं. सगळं १× वर, म्हणजे फिरण्याच्या वेगाइतक्याच वारंवारतेवर. कागदावर हे अनबॅलन्सचं, म्हणजे फिरत्या भागाचं वजन एका बाजूला जास्त असल्याचं, पुस्तकी चित्र, म्हणून तिन्ही वेळा वजन लावलं गेलं. पण आडव्यात आणि उभ्यात पाचपट फरक का, हे कुणी विचारलं नव्हतं.

मशीन बंद करून, वीज तोडून, कुलूप लावून पेडेस्टलवर लाकडी हातोड्याने आडवा टोला मारला. स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठल्या वारंवारतेला किती कंपन आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, २४.९ हर्ट्झला शिखर उभं राहिलं. ब्लोअर फिरत होता २४.७ हर्ट्झला. पेडेस्टलखालचं ग्राउटिंग (पायाशी भरलेला सिमेंटचा थर) भेगाळलं होतं. त्यामुळे आडवा ताठपणा कमी झाला आणि नैसर्गिक वारंवारता (टोला बसल्यावर वस्तू स्वतःहून ज्या वारंवारतेने डोलते ती) घसरत घसरत नेमकी फिरण्याच्या वेगावर येऊन बसली. आता पात्यांवर चिमूटभर धूळ बसली तरी पेडेस्टल डोलायला लागणार, हे ठरलेलंच. खालचं ग्राउट नव्याने भरलं, बोल्ट योग्य टॉर्कला आवळले आणि चौथ्या बॅलन्सिंगची वेळ आली नाही.

त्या तिन्ही वेळी उपकरणाने खरा आकडा दाखवला होता, फक्त त्याला पुढचा प्रश्न विचारला गेला नव्हता. कंपनाच्या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. म्हणून या लेखातला क्रमही तसाच ठेवला आहे: आधी प्रश्न, मग सेन्सर, मग सेटिंग, आणि त्यानंतर स्पेक्ट्रम.

पहिली पायरी: काय शोधायचं आहे ते ठरवा

कंपन मोजायला निघण्यामागे साधारण तीन कारणं असतात. मशीन ठीक आहे की बिघडतंय, एवढंच कळायला हवं असेल तर ठरलेल्या जागी, ठरलेल्या काळाने घेतलेला एकूण आकडा आणि त्याचा आलेख पुरतो. बिघाड कशात आहे ते शोधायचं असेल तर स्पेक्ट्रम, टाइम वेव्हफॉर्म (वेळेनुसार काढलेली मूळ लहर) आणि फेज (एक हालचाल दुसरीच्या किती अंश मागे-पुढे आहे) तिन्ही लागतात. आणि रचना कशी वागते, म्हणजे पूल, मजला, मशीनचा पाया किंवा पाइपलाइन कुठल्या वारंवारतेला किती डोलते, हे पाहायचं असेल तर मोजण्याची पद्धतच वेगळी होते.

सेन्सर पेटीतून काढण्याआधी एका कागदावर ही माहिती लिहून घ्या: प्रत्यक्ष फिरण्याचा वेग, बेअरिंगचे नंबर, पात्यांची संख्या, गिअरच्या दात्यांची संख्या, कपलिंगचा (दोन शाफ्ट जोडणाऱ्या भागाचा) प्रकार, पाया काँक्रीटचा की लोखंडी सांगाड्याचा, आणि मोजताना मशीनवर किती लोड होता. वेग नेमप्लेटवरून उचलू नका. नेमप्लेटवर १४८० आरपीएम असतात आणि कमी लोडवर मोटर १४९५ला फिरत असते. टॅकोमीटर किंवा स्ट्रोब लावून वेग मोजा, कारण पुढचा सगळा हिशोब त्याच एका आकड्यावर उभा राहतो.

विस्थापन, वेग की त्वरण?

एकच कंपन तीन प्रकारे सांगता येतं: वस्तू किती सरकली, किती वेगाने सरकली आणि तो वेग किती झपाट्याने बदलला. एका वारंवारतेच्या कंपनासाठी विस्थापनाला २πf ने गुणलं की वेग मिळतो आणि वेगाला २πf ने गुणलं की त्वरण. सूत्र एवढंच, पण त्याचा परिणाम आकड्यांत पाहिला की डोक्यात पक्का बसतो.

समजा वेग ५ मिमी/सेकंद पीक (लहरीची मध्यापासूनची कमाल उंची) आहे. वारंवारता २५ हर्ट्झ असेल, तर विस्थापन सुमारे ३२ मायक्रॉन पीक आणि त्वरण फक्त ०.०८ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण). तोच ५ मिमी/सेकंदाचा वेग १००० हर्ट्झला असेल, तर विस्थापन ०.८ मायक्रॉन आणि त्वरण ३.२ जी. म्हणजे विस्थापनाच्या पडद्यावर बेअरिंगचा वरच्या वारंवारतेचा बिघाड दिसणारच नाही आणि त्वरणाच्या पडद्यावर सावकाश होणारी डोलण्याची हालचाल हरवून जाईल. म्हणून साधारण १० ते १००० हर्ट्झसाठी वेग, त्याखाली विस्थापन आणि वरच्या भागासाठी त्वरण, अशी वाटणी रूढ आहे. गिअर आणि रोलिंग बेअरिंगसाठी मी वेग आणि त्वरण दोन्ही घेतो. एकच घेऊन नंतर हळहळण्यापेक्षा ते बरं.

आकड्यापुढे आरएमएस (वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ), पीक की पीक-टू-पीक (खालच्या टोकापासून वरच्या टोकापर्यंत) हे लिहिलेलं नसेल, तर तो आकडा निरुपयोगी समजा. शुद्ध साइन लहरीसाठी आरएमएस म्हणजे पीकच्या ०.७०७ पट, पण हे नातं फक्त साइन लहरीपुरतंच खरं. बेअरिंगमधल्या ठोक्यांसारखी तुटक लहर असेल तर पीक आरएमएसच्या पाच-सहा पटही निघतो. दोघांनी दोन उपकरणांनी मोजलेले आकडे जुळत नाहीत म्हणून वाद झडतो, तेव्हा निम्म्या वेळा कारण एवढंच असतं.

सेन्सर निवडणं आणि बसवणं

कारखान्यातल्या रोजच्या कामासाठी १०० मिलिव्होल्ट प्रति जी संवेदनशीलतेचा पिझोइलेक्ट्रिक अ‍ॅक्सेलरोमीटर (दाबाखाली वीज देणाऱ्या स्फटिकाचा त्वरणमापक) बहुतेक ठिकाणी चालतो. त्याच्या आत छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो आणि तो उपकरणाकडून येणाऱ्या स्थिर करंटवर चालतो. सेन्सर धड असेल तर केबलवर साधारण ८ ते १२ व्होल्टचा बायस डीसी (स्थिर व्होल्टेज) दिसतो. बायस शून्याजवळ आला तर कुठेतरी शॉर्ट आहे. तो पुरवठ्याच्या व्होल्टेजइतका चढला तर केबल तुटली आहे किंवा कनेक्टर नीट बसलेला नाही. मोजमाप सुरू करण्याआधी ही अर्ध्या मिनिटाची तपासणी केली की पुढचे कितीतरी तास वाचतात.

मोठ्या टर्बाइनमध्ये शाफ्ट तेलाच्या थरावर चालणाऱ्या स्लीव्ह बेअरिंगमध्ये फिरतो. तिथे बाहेरच्या जड केसिंगवर मोजून शाफ्टची हालचाल पूर्ण कळत नाही. अशा ठिकाणी शाफ्ट आणि बेअरिंगमधलं अंतर थेट मोजणारे एडी करंट प्रोब वापरतात, तेही एकमेकांशी ९० अंशांवर दोन.

आता बसवण्याबद्दल. या कामात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा थांबून सांगतो. सेन्सर आणि मशीन यांच्यामधलं सांधणं स्प्रिंगसारखं वागतं. ते जितकं ढिलं, तितकी सेन्सरची स्वतःची रेझोनन्स वारंवारता (जिथे नैसर्गिक वारंवारतेशी ताल जुळून कंपन फुगतं ती) खाली येते आणि विश्वासार्ह पट्टा आक्रसतो. सपाट घासलेल्या पृष्ठभागावर स्टडने आवळलेला चांगला सेन्सर १० किलोहर्ट्झपर्यंत साथ देतो. सपाट जागेवरचा मजबूत मॅग्नेट साधारण दोन किलोहर्ट्झपर्यंत भरवशाचा. हातात धरून टेकवलेल्या सेन्सरवर ५०० ते १००० हर्ट्झच्या पुढे विसंबू नका. शिवाय त्यात तुमच्या हाताचा दाब आणि थरथर मिसळते. आज एकाने आणि उद्या दुसऱ्याने धरलेल्या सेन्सरची तुलना करू नये ती याचसाठी.

मॅग्नेट लावताना तो वरून टाळकन सोडू नका. त्या आपटण्याचा धक्का हजारो जीपर्यंत जाऊ शकतो आणि आतला स्फटिक दुखावतो. एक कड टेकवून हळूच बसवा. रंगाचे जाड थर, गंज, ग्रीसचा चिखल खरवडून काढा. बसवल्यावर अंगठ्याने हलकेच रेटून पाहा. किंचित जरी डुगडुगत असेल तर जागा बदला. केबल सेन्सरपासून थोड्याच अंतरावर टेपने मशीनलाच चिकटवा, नाहीतर ती लोंबत हलते आणि तिची हालचाल वाचनात उतरते. फिरत्या कपलिंगजवळ केबल मोकळी सोडणं तर थेट जिवाशी खेळ आहे.

गरम बेअरिंगवर थंड सेन्सर लावला की पहिली काही सेकंदं वाचन भरकटतं. असं वाचन घेतलं तर स्पेक्ट्रमच्या डाव्या टोकाला घसरगुंडीसारखा उंच उतार दिसतो. तो दिसला की निदानाला बसू नका. थांबा, सेन्सरला तापमानाशी जुळवून घेऊ द्या आणि वाचन पुन्हा घ्या.

कुठे आणि कुठल्या दिशेत

शक्य तितकं बेअरिंगजवळ, लोड जिथून जमिनीकडे जातो त्या घट्ट भागावर. पत्र्याचं कव्हर, पंख्याचं झाकण, पातळ ब्रॅकेट यांवर लावलेला सेन्सर त्या पत्र्याचंच कंपन सांगतो. प्रत्येक बेअरिंगला आडवी, उभी आणि शाफ्टच्या दिशेतली अक्षीय अशी तीन वाचनं घ्या. अक्षीय वाचन कंटाळा करून सोडलं जातं आणि नेमका मिसअलाइनमेंटचा (जोडलेले शाफ्ट एका रेषेत नसल्याचा) पुरावा तिथेच असतो. जागेवर पंचाने खूण करा किंवा छोटी चकती चिकटवा, म्हणजे पुढच्या महिन्यातलं वाचन त्याच ठिकाणचं असेल.

उपकरणाची सेटिंग: इथे घाई नको

१९६५ साली कूली आणि ट्युकी यांनी मांडलेल्या अल्गोरिदममुळे फूरिए रूपांतर (लहरीतल्या वारंवारता सुट्या करणारं गणित) संगणकावर झटपट होऊ लागलं आणि एफएफटी अ‍ॅनालायझर (या झटपट रूपांतराने स्पेक्ट्रम काढणारं उपकरण) हातात मावण्याइतका लहान झाला. पण बटण दाबताच येणारा स्पेक्ट्रम तुम्ही दिलेल्या सेटिंगइतकाच खरा असतो.

पहिली गोष्ट म्हणजे वरची मर्यादा, एफमॅक्स. मोजायच्या सर्वांत वरच्या वारंवारतेच्या दुपटीहून जास्त दराने नमुने घ्यावे लागतात. प्रत्यक्षात अ‍ॅनालायझर एफमॅक्सच्या २.५६ पट दराने घेतात, कारण अँटी-अलायझिंग फिल्टरला (मर्यादेवरच्या वारंवारता अडवणाऱ्या फिल्टरला) उतरायला जागा लागते. तो फिल्टर नसलेलं डेटा लॉगर वापरत असाल तर सावध राहा. अशा यंत्रात वरच्या वारंवारतेचं कंपन खालच्या वारंवारतेचा वेष घेऊन येतं आणि एकदा मिसळलं की ते वेगळं काढता येत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे रिझोल्यूशन. एफमॅक्सला लाइन्सच्या (स्पेक्ट्रम जितक्या रेषांत वाटला जातो त्या रेषांच्या) संख्येने भागलं की दोन रेषांमधलं अंतर मिळतं. त्याच्या उलट, लाइन्सला एफमॅक्सने भागलं की एका वाचनाला लागणारा वेळ. १००० हर्ट्झ आणि ३२०० लाइन्स घेतल्या तर रिझोल्यूशन ०.३१२५ हर्ट्झ आणि वेळ ३.२ सेकंद. बारीक रिझोल्यूशन हवं असेल तर तेवढा वेळ द्यावाच लागतो, त्याला पळवाट नाही.

हे का महत्त्वाचं, ते एका उदाहरणात पाहू. ५० हर्ट्झ विजेवर चालणारी दोन पोलची मोटर २९७० आरपीएमला फिरते आहे, म्हणजे ४९.५ हर्ट्झला. तिचं २× येतं ९९ हर्ट्झला. विजेमुळे होणारं कंपन लाइन वारंवारतेच्या दुपटीला, म्हणजे १०० हर्ट्झला. पहिलं मिसअलाइनमेंटकडे बोट दाखवतं, दुसरं स्टेटरकडे (मोटरच्या स्थिर भागाकडे) किंवा एअर गॅपकडे (स्थिर आणि फिरत्या भागांमधल्या फटीकडे). दोघांत अंतर एका हर्ट्झचं. १००० हर्ट्झ आणि ४०० लाइन्सवर रिझोल्यूशन २.५ हर्ट्झ, म्हणून दोन्ही मिळून एकच जाड शिखर दिसेल आणि निदान अंदाजपंचे होईल. हॅनिंग विंडोत (नोंदीची दोन्ही टोकं शून्याकडे उतरवणाऱ्या गणिती चौकटीत) प्रत्येक शिखर दीड रेषेइतकं फुगतं. त्यामुळे दोन शिखरं सुटी दिसायला त्यांच्यात किमान तीन रेषांचं अंतर हवं. ०.३१२५ला तीनने गुणलं की ०.९४ हर्ट्झ येतं, म्हणजे ३२०० लाइन्सवर काम निभावतं, पण जेमतेम. एवढी खटपट करायची नसेल तर मोटरची वीज तोडून पडद्याकडे पाहत राहा. विजेचं शिखर त्याच क्षणी नाहीसं होतं, यांत्रिक शिखर मशीन मंदावत जातं तसं हळूहळू उतरतं.

विंडोबाबत थोडक्यात: सलग चालणाऱ्या मशीनला हॅनिंग, आकडा अचूक हवा असेल तर फ्लॅट टॉप, आणि टोला मारून घेतलेल्या चाचणीत लहर वाचनाच्या आतच विरत असेल तर विंडो नको. चार ते आठ वाचनांची सरासरी बहुधा पुरते. सरासरीने गोंगाट नाहीसा होत नाही, फक्त त्याची चढउतार सपाट होते.

वाचन: आधी एकूण आकडा

१५ किलोवॉटच्या वरच्या औद्योगिक यंत्रांसाठी आयएसओ १०८१६-३ हे मानक वर्षानुवर्षं वापरात होतं. आता त्याची जागा आयएसओ २०८१६-३ ने घेतली आहे. १०८१६-३ मध्ये १५ ते ३०० किलोवॉटच्या, ताठ पायावर बसवलेल्या यंत्रांसाठी अ, ब, क, ड या चार पट्ट्यांच्या सीमा १.४, २.८ आणि ४.५ मिमी/सेकंद आरएमएस अशा आहेत. पाया लवचिक असेल तर २.३, ४.५ आणि ७.१. पहिला पट्टा नव्या मशीनचा, दुसरा दीर्घकाळ चालवायला हरकत नसलेला, तिसरा थोडेच दिवस चालवण्याचा आणि चौथा नुकसान होण्याइतका गंभीर.

हे आकडे पाठ करण्यापेक्षा स्वतःच्या मशीनचा पायंडा जपणं मला जास्त मोलाचं वाटतं. मशीन वर्षभर ३.० वर स्थिर आहे आणि दुसरं १.२ वरून तीन आठवड्यांत २.४ वर गेलं, तर मी धावत जाईन ते दुसऱ्याकडे. मानकही हेच सांगतं: दुसऱ्या पट्ट्याच्या वरच्या सीमेच्या २५ टक्क्यांहून मोठा बदल दखल घेण्याजोगा मानावा, मग एकूण आकडा मर्यादेत का असेना. बदल खाली गेला तरीही. कंपन अचानक घटलं म्हणजे मशीन सुधारलं असं गृहीत धरू नका.

मग स्पेक्ट्रम आणि फेज

आयाम (कंपन किती मोठं ते) सांगतो दुखणं किती, वारंवारता सांगते दुखणं कशाचं असावं, आणि फेज सांगतो मशीनचे भाग एकमेकांच्या संदर्भात कसे हलताहेत. फेजसाठी शाफ्टवर परावर्तक पट्टी आणि टॅकोमीटर लागतो किंवा एकाच वेळी दोन सेन्सर. हे काम वाढतं म्हणून लोक टाळतात आणि मग १× वरची चार वेगवेगळी दुखणी एकसारखी दिसतात.

खरं अनबॅलन्स असेल तर १× ठळक, आडवं आणि उभं कंपन एकमेकांच्या दोन-तीनपटीच्या आत, आणि त्यांच्या फेजमध्ये सुमारे ९० अंशांचा फरक. वरच्या ब्लोअरमध्ये हा फरक २७ अंश होता. फेज घेतला असता तर पहिल्याच दिवशी बॅलन्सिंग थांबलं असतं.

मिसअलाइनमेंटमध्ये कपलिंगच्या दोन्ही बाजूंच्या बेअरिंगवर अक्षीय कंपन वाढतं आणि दोघांच्या फेजमध्ये १८० अंशांच्या आसपास फरक येतो. २× वर शिखर बहुतेकदा असतं, पण २× दिसलं की मिसअलाइनमेंट असं म्हणणं घाईचं आहे. कोनातली चूक १× वरही जोरात दिसते आणि ढिलेपणाही २× देतो. बेअरिंगच्या सीटमध्ये किंवा हाउसिंगमध्ये ढिलेपणा असेल तर १×, २×, ३× अशी हार्मोनिक्सची (वेगाच्या पूर्ण पटींवरच्या शिखरांची) रांगच लागते आणि कधी अर्ध्या पटींची शिखरंही डोकावतात. पायाचा ढिलेपणा पकडायला सेन्सर मशीनच्या पायावर, मग बेसप्लेटवर, मग काँक्रीटवर असा सरकवत न्या. जिथे आयाम किंवा फेज एकदम उडी घेतो, त्या सांध्यात दोष. सॉफ्ट फूटची (मशीनचा एखादा पाय नीट न टेकल्याची) शंका असेल तर एकेक बोल्ट सैल करून डायल गेज लावून पाहा. पाय उचलला गेला तर शिम (पातळ पत्र्याची पट्टी) घाला.

पात्यांची संख्या गुणिले वेग, गिअरच्या दात्यांची संख्या गुणिले वेग या वारंवारता नेहमीच थोड्याफार दिसतात. त्यांच्या अवतीभवती एका शाफ्टच्या वेगाच्या अंतराने साइडबँड (शिखराच्या दोन्ही बाजूंची छोटी शिखरं) उगवू लागले की त्या शाफ्टवरचा गिअर तपासायला घ्या. तेलाच्या थरावरच्या बेअरिंगमध्ये वेगाच्या ०.४२ ते ०.४८ पटीला शिखर आलं तर ऑइल व्हर्लचा (तेलाच्या थरामुळे शाफ्ट घिरट्या घालण्याचा) विचार करा.

रोलिंग बेअरिंग जवळून पाहू

६२०५ हे सर्रास वापरलं जाणारं बेअरिंग घेऊ. त्यात नऊ गोळ्या असतात. भूमितीवरून बाहेरच्या रेसच्या (गोळ्या जिच्यावर धावतात त्या कड्याच्या) दोषाची वारंवारता वेगाच्या ३.५८५ पट, आतल्या रेसची ५.४१५ पट आणि केजची (गोळ्यांना अंतरावर धरणाऱ्या पिंजऱ्याची) ०.३९८ पट निघते. १४८० आरपीएम म्हणजे २४.६७ हर्ट्झ. त्यावरून बाहेरची रेस ८८.४ हर्ट्झ, आतली रेस १३३.६ हर्ट्झ, केज ९.८ हर्ट्झ. नंबर पुसला गेला असेल तर गोळ्यांची संख्या गुणिले ०.४ आणि गुणिले ०.६ हा आडाखा वापरा. इथे तो ३.६ आणि ५.४ देतो, फारसा चुकत नाही. प्रत्यक्षात गोळ्या किंचित घसरतात, म्हणून शिखर हिशोबापेक्षा एक-दोन टक्के इकडेतिकडे सापडतं. महत्त्वाची खूण ही की ही शिखरं वेगाच्या पूर्ण पटीत बसत नाहीत.

दोष कोवळा असताना ही शिखरं साध्या स्पेक्ट्रममध्ये दिसत नाहीत. गोळी खड्ड्यावरून जाते तेव्हा अगदी अल्प वेळाचा ठोका बसतो आणि त्याने बेअरिंग व हाउसिंगच्या वरच्या नैसर्गिक वारंवारता, काही किलोहर्ट्झमधल्या, घंटेसारख्या वाजू लागतात. म्हणून एन्व्हलप पद्धत वापरतात: आधी फिल्टरने तो वरचा पट्टा वेगळा काढायचा, मग त्या लहरीची फक्त बाह्यरेषा घ्यायची आणि त्या बाह्यरेषेचा स्पेक्ट्रम काढायचा. घंटा किती सुरात वाजते यापेक्षा ती सेकंदाला किती वेळा वाजवली जाते, हे त्यातून कळतं. इथे मॅग्नेट डुगडुगता असेल तर सगळी मेहनत वाया.

आतली रेस फिरते, त्यामुळे तिच्यावरचा खड्डा लोडखाली येतो आणि बाहेर जातो. म्हणून तिच्या शिखराभोवती १× अंतराचे साइडबँड येतात. बाहेरची रेस स्थिर, तिला ते सहसा नसतात. दोष पिकत जातो तशी हार्मोनिक्स वाढतात, मग सगळा तळ उचलला जातो. अगदी शेवटी सुटी शिखरं त्या गोंगाटात बुडतात आणि वरच्या वारंवारतेचा आकडा खालीही येऊ शकतो. त्या उताराला सुधारणा समजून मशीन चालू ठेवलं तर बेअरिंग केव्हाही जाम होऊ शकतं.

रेझोनन्स तपासायचा टोला

मशीन बंद आणि कुलूपबंद करून, ज्या दिशेत शंका आहे त्याच दिशेत सेन्सर लावा आणि त्याच दिशेत टोला मारा. खालच्या वारंवारतांसाठी मऊ, रबरी टोकाचा हातोडा, वरच्यांसाठी कडक. जोर मोजणारा हातोडा असेल तर उत्तम. त्यात कोहेरन्स (कंपन किती प्रमाणात टोल्यामुळेच झालं, ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा) पाहता येतो आणि तो शिखराजवळ १ च्या जवळ नसेल तर त्या वाचनावर विसंबू नये. एक टोला मारून लहर पूर्ण विरू द्या, मगच पुढचा.

विरण्याच्या वेगावरून डॅम्पिंग (कंपन शमवण्याची क्षमता) निघतं. त्या पेडेस्टलवर सात आवर्तनांत आयाम निम्मा झाला होता. ln २ म्हणजे ०.६९३, त्याला ७ ने भागलं की ०.०९९. त्याला २π ने भागलं की ०.०१६, म्हणजे १.६ टक्के. एवढ्या कमी डॅम्पिंगवर २४.९ हर्ट्झच्या रचनेला २४.७ हर्ट्झने ढकललं, तर तेवढ्याच जोराच्या स्थिर रेट्याच्या तुलनेत हालचाल सुमारे २८ पट होते. म्हणून नैसर्गिक वारंवारता फिरण्याच्या वेगापासून किमान २० टक्के दूर ठेवावी. वेग बदला, ताठपणा वाढवा, वजन बदला, नाहीतर डॅम्पिंग घाला.

खरोखर बॅलन्सिंगच करायचं असेल तर

एका प्रतलातलं बॅलन्सिंग व्हेक्टरने, म्हणजे आकडा आणि कोन दोन्ही धरून, सोडवायचं असतं. समजा मूळ वाचन ६ मिमी/सेकंद, ३० अंश. ६ ग्रॅम चाचणी वजन लावल्यावर ६ मिमी/सेकंद, ९० अंश. आकडा बदललाच नाही म्हणून वजन निरुपयोगी ठरलं असं वाटेल, पण दोन व्हेक्टरमधला फरक काढा: तो ६ मिमी/सेकंद, १५० अंश येतो. हा एकट्या चाचणी वजनाचा परिणाम. आपल्याला हवा मूळ वाचनाच्या बरोबर उलट, ६ मिमी/सेकंद, २१० अंशांवर. म्हणजे वजन तेवढंच, फक्त ६० अंश सरकवायचं. कुठल्या बाजूला, ते तुमचं उपकरण फेज कसा मोजतं यावर ठरतं. ते एकदा साध्या रोटरवर तपासून वहीत लिहून ठेवा. चाचणी वजनाने आयाम ३० टक्के तरी बदलायला हवा किंवा फेज ३० अंश तरी. तसं झालं नाही तर वजन फार कमी पडलं आहे.

किती बारीक बॅलन्स करायचं, यासाठी आयएसओ २१९४०-११ मधले ग्रेड आहेत. पंखे आणि पंप यांना जी ६.३ हा ग्रेड साधारणपणे पुरतो (हा जी त्वरणाचा नव्हे). ५० किलोचा रोटर १५०० आरपीएमला फिरत असेल तर ९५४९ × ६.३ × ५० ÷ १५०० म्हणजे सुमारे २००० ग्रॅम-मिमी इतकं अनबॅलन्स चालतं. २०० मिमी त्रिज्येवर ते १० ग्रॅम होतं.

रचनांकडे वळताना

इमारत, पूल, मजला यांची कंपनं मोजताना यंत्रांच्या सवयी बाजूला ठेवा. दहा मजली काँक्रीटच्या चौकटीचा आवर्तकाल साधारण एक सेकंद धरतात, म्हणजे एक हर्ट्झच्या आसपास. १०० मिलिव्होल्ट प्रति जीचा कारखानी सेन्सर अशा ठिकाणी स्वतःच्या गोंगाटातच बुडतो. इथे १ ते १० व्होल्ट प्रति जी संवेदनशीलतेचे सायस्मिक अ‍ॅक्सेलरोमीटर किंवा जिओफोन (जमिनीच्या कंपनाचा वेग मोजणारे सेन्सर) लागतात.

एवढ्या मोठ्या रचनेला सहसा टोला मारता येत नाही, पण वारा, रहदारी आणि माणसांची वर्दळ तिला सतत हलकेच ढकलत असतात. तेच वापरायचं. नोंद मूळ आवर्तकालाच्या किमान हजारपट लांब घ्या. एक सेकंदाच्या इमारतीला ती १७ मिनिटांची होते, मी अर्धा तास घेतो. एक सेन्सर वरच्या मजल्याच्या कोपऱ्यात कायम ठेवा आणि बाकीचे मजल्यामजल्यावर फिरवत न्या, म्हणजे सगळ्या नोंदी त्या एकाशी जोडून रचनेचा डोलण्याचा आकार काढता येतो. कोपरा का? मध्यभागी ठेवलेल्या सेन्सरला इमारतीची पिळवटण्याची हालचाल जवळपास दिसतच नाही. स्पेक्ट्रममध्ये सुईसारखं अरुंद शिखर दिसलं तर आधी गच्चीवरच्या पंपावर किंवा पंख्यावर संशय घ्या. रचनेचं शिखर डॅम्पिंगमुळे थोडं रुंद असतं.

दिशा किती महत्त्वाची, हे लंडनच्या मिलेनियम पुलाने दाखवून दिलं. जून २०००मध्ये तो खुला झाला आणि चालणाऱ्यांच्या गर्दीत आडवा डोलू लागल्याने दोन दिवसांत बंद करावा लागला. माणूस सेकंदाला साधारण दोन पावलं टाकतो, पण एक पाऊल डावीकडे ढकलतं आणि दुसरं उजवीकडे. त्यामुळे आडवा रेटा एक हर्ट्झच्या आसपास येतो. पूल जरा डोलला की लोक तोल सावरायला त्याच तालात पाय टाकतात आणि डोलणं वाढत जातं. ३७ श्यान डॅम्पर (द्रवाच्या विरोधाने कंपन शमवणारे) आणि ५०हून जास्त ट्यून्ड मास डॅम्पर (पुलाच्या तालाशी जुळवलेली, स्प्रिंगवरची वजनं) बसवल्यावर फेब्रुवारी २००२मध्ये तो पुन्हा सुरू झाला. ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेल्या टॅकोमा नॅरोज पुलाचं उदाहरण रेझोनन्ससाठी नेहमी देतात. तिथे मात्र वाऱ्याने पिळवटणाऱ्या डेकला वाऱ्याकडूनच अधिकाधिक ऊर्जा मिळत गेली. तो फ्लटर होता, आणि त्याचा उपाय वेगळा असतो.

बांधकाम, पाइल ठोकणं किंवा सुरुंग यांमुळे शेजारच्या इमारतीला इजा होईल का, हे पाहताना जमिनीच्या कणाचा सर्वोच्च वेग मोजतात, पायाशी, तिन्ही दिशांत. जर्मनीच्या डीआयएन ४१५०-३ मध्ये अल्पकालीन कंपनासाठी राहत्या घरांना १० हर्ट्झखाली ५ मिमी/सेकंद ही मर्यादा आहे आणि जतन करण्याजोग्या नाजूक वास्तूंना ३ मिमी/सेकंद. वारंवारता वाढते तशी मर्यादाही सैल होते. इथला ५ आणि यंत्राच्या मानकातला ४.५ यांची सांगड घालू नका. हा पीक आहे, तो आरएमएस.

आणि रहिवासी तक्रार करतात तेव्हा त्यांना खोटं ठरवू नका. घरात शांत बसलेल्या माणसाला ०.३ मिमी/सेकंदाच्या आसपासचं कंपनही जाणवू शकतं, म्हणजे भिंतीला इजा होण्याच्या मर्यादेच्या सोळा-सतरा पट खाली. काम सुरू होण्याआधीच्या भेगांचे फोटो, त्यांची रुंदी आणि तारीख नोंदवून ठेवली असेल, तर कुठली भेग जुनी आणि कुठली नवी हे घरमालकाला आणि कंत्राटदारालाही दाखवता येतं.

नोंद

प्रत्येक वाचनासोबत जागा, दिशा, सेन्सर, तो कसा बसवला होता, एफमॅक्स, लाइन्स, विंडो, आरएमएस की पीक, फिरण्याचा वेग आणि लोड लिहा. दुरुस्तीनंतर त्याच जागी, त्याच सेटिंगवर, मशीन गरम होऊन स्थिरावल्यावर पुन्हा मोजा. काढलेलं बेअरिंग कापून उघडा आणि खड्डा खरंच बाहेरच्या रेसवर आहे का ते स्वतः पाहा. त्याचा फोटो त्या स्पेक्ट्रमच्या शेजारी चिकटवून ठेवा.